खिशातला अ‍ॅम्प आणि वस्तीतले गाणे: चाळीस माणसांसाठी किती आवाज लागतो?

आपल्याकडे कार्यक्रम ठरला की वक्ता कोण हे नंतर बघितले जाते, आधी विचारले जाते, "साउंडचं काय?" महिला मंडळाची बैठक असो, वर्षावासातील ग्रंथवाचनाचा समारोप असो, २६ नोव्हेंबरला चौकात संविधानाच्या प्रास्ताविकेचे सामूहिक वाचन असो, जमणारी माणसे चाळीस ते पन्नास. तरीही दोन मोठे बॉक्स, मिक्सर, दोन माईक आणि ते सांभाळणारा ऑपरेटर बोलवावा लागतो. आमच्या भागात एका संध्याकाळचे हे भाडे अडीच-तीन हजारांच्या खाली येत नाही. मग वर्गणी, वर्गणी पुरली नाही की एखाद्या इच्छुक नेत्याकडे फेरी. साउंड त्यांनी दिला की माईकही पहिल्यांदा त्यांच्याच हातात जातो. गाण्याची मुले दोन तास कोपऱ्यात गिटार घेऊन बसतात आणि रात्री पावणेदहाला त्यांना सांगितले जाते, "एकच गाणं घ्या, वेळ संपलाय."

आम्ही पाच-सहा जण गेली काही वर्षे वस्त्यांमध्ये गाण्यांचे आणि गप्पांचे छोटे कार्यक्रम करतो. एक गिटार, एक खंजिरी, दोन-तीन गळे आणि एक हाताच्या पंजाएवढा बॅटरीवरचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर. हा अ‍ॅम्प बघून तरुण मुले नेहमी विचारतात की एवढ्याशा डबीने काम भागते का. भागते, पण केव्हा भागते आणि केव्हा नाही हे नीट समजून घेतले पाहिजे. त्यासाठीच हा लेख.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. इलेक्ट्रिक गिटारच्या तारेचा किंवा अकूस्टिक गिटारला लावलेल्या पिकअपचा विजेचा संकेत फार क्षीण असतो. तो वाढवून स्पीकरपर्यंत पोहोचवणे हे अ‍ॅम्पचे काम. खिशातल्या अ‍ॅम्पमध्ये हे सगळे दोन-तीन इंचाच्या स्पीकरसह एका डबीत बसवलेले असते. मार्शल कंपनीचा एमएस-२ हा एक वॅटचा अ‍ॅम्प नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतो आणि पट्ट्याला अडकवता येतो. ब्लॅकस्टारचा फ्लाय ३ हा तीन वॅटचा, सहा पेन्सिल सेलवर चालणारा; त्यात मोबाईलमधून संगीत लावण्याची सोयही आहे. व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग मात्र वेगळा. तो थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचतात आणि आवाज फक्त हेडफोनमध्ये येतो. चाळीत रात्री सराव करायला तो उत्तम, कार्यक्रमाला त्याचा उपयोग नाही. दुकानात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, म्हणून हे आधीच सांगितले.

या डब्यांच्या पोटात बहुधा फार साधे सर्किट असते. एलएम३८६ नावाची आठ पायांची चिप हौशी लोकांमध्ये प्रसिद्ध आहे. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ती साधारण अर्धा वॅट देते आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळते. आयटीआय किंवा डिप्लोमा करणाऱ्या आपल्या मुलांनी एका रविवारी विहारात बसून हा अ‍ॅम्प स्वतः जोडावा असे आम्हाला वाटते. एकच खबरदारी घ्यायची. या चिपचा प्रवेशरोध सुमारे ५० किलो-ओहम, म्हणजे गिटारच्या पिकअपच्या मानाने बराच कमी. गिटार थेट जोडली तर आवाज दबका, मेलेला येतो. आधी एका एफईटी ट्रान्झिस्टरचा बफर टाकला की सूर मोकळा होतो. जुन्या रेडिओचा चार-पाच इंची स्पीकर जोडला तर बाजारातल्या डबीपेक्षा आवाज मोठा निघतो, कारण आवाज वॅटवर जितका अवलंबून असतो तितकाच स्पीकरवर असतो. अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटात बसवलेला स्मोकी अ‍ॅम्प मिळतो. त्याला मोठा स्पीकर बॉक्स जोडला की ती पाकिटाएवढी वस्तू खोली भरून टाकते.

वॅटचा गैरसमज

आपल्या मंडळांमध्ये वॅटची भाषा फार चालते. "त्यांचा पाच हजार वॅटचा, आपला दहाचा." ऐकणाऱ्याचा कान मात्र वॅट मोजत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे थोडासा. कानाला साधारण दुप्पट वाटावा यासाठी दहापट वॅट लागतात. स्पीकर तोच धरला तर १०० वॅटचा आवाज १ वॅटच्या शंभरपट नसतो, चौपटीच्या आसपास वाटतो. एक वॅट म्हणजे काहीच नाही, हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

छोट्या अ‍ॅम्पची खरी अडचण अंतराची असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. समजा एका मीटरवर ८५ डेसिबल मिळतात, तर दोन मीटरवर ७९, चारवर ७३ आणि आठ मीटरवर ६७. समोरासमोरचे साधे बोलणे साधारण ६० डेसिबल असते. म्हणजे शांत अंगणात आठ मीटरपर्यंत, साधारण पंचवीस फुटांपर्यंत, गिटार स्पष्ट ऐकू येईल. बाजूने रिक्षा, टीव्ही आणि पाण्याच्या टँकरची गर्दी असेल तर चार मीटरच्या पुढे ती विरघळून जाईल. बंद सभागृहात भिंती आवाज परत देतात, म्हणून तिथे परिस्थिती बरी असते.

यावरून बैठक कशी हवी ते आपोआप ठरते. स्टेज नको. समोर सरळ रांगाही नकोत, कारण शेवटची रांग लांब जाते. आम्ही सतरंज्या अर्धगोलात टाकतो, गाणारे मध्ये आणि लोक तीन ओळींत भोवती. चाळीस माणसे या पद्धतीने पाच मीटरच्या आत बसतात. याचा एक फायदा आम्ही मोजला नव्हता: बायका आणि म्हाताऱ्या, ज्या स्टेजच्या कार्यक्रमात नेहमी शेवटच्या खुर्च्यांवर जातात, त्या इथे आपोआप जवळ बसतात. जवळ बसल्या की बोलतात. एका बैठकीत तर गाणे अर्ध्यावर थांबवून एका आजीने तिच्या आईने ऐकलेल्या जलशाची चालच म्हणून दाखवली. पाच हजार वॅटच्या भिंतीसमोर हे घडले नसते.

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नये. बारीक सूर स्पीकरमधून टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, जमिनीवर ठेवला तर पहिल्या रांगेच्या गुडघ्यांना ऐकू येतात आणि मागे नुसता गुणगुणाट पोहोचतो. स्टुलावर, खिडकीच्या चौकटीत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवावा. मागे भिंत असली तर खर्जाला थोडा आधार मिळतो.

बटणे

बहुतेक डब्यांवर गेन, व्हॉल्यूम आणि टोन अशी दोन-तीन बटणे असतात. गेन वाढवला की आवाज फाटतो. रॉक वाजवणाऱ्यांना हा फाटलेपणा हवा असतो. आपल्या गाण्यांना तो नको, कारण त्यात शब्द हरवतात. गेन अगदी कमी, व्हॉल्यूम जास्त, असे ठेवावे. खर्ज कमी करावा. तीन इंचाच्या स्पीकरला खर्ज काढताच येत नाही, तो फक्त त्यासाठी बॅटरी खर्च करतो आणि फाटतो. खर्ज कापला की तीच ताकद मधल्या सुरांना मिळते आणि आवाज मोठा वाटू लागतो. वाजवणाऱ्यानेही जाड तारांवर जोरात न मारता कॅपो लावून वरच्या पट्टीत, मोकळ्या बोटांनी वाजवावे.

गिटार किती मोठी ठेवायची, या प्रश्नावर आम्हाला सर्वांत चांगले उत्तर कुठल्याही साउंडवाल्याकडून मिळालेले नाही. ते दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात आहे. पंचशिख गंधर्व वीणा वाजवत गातो. गाणे संपल्यावर तथागत त्याचे कौतुक करतात, ते या कारणासाठी की त्याच्या तारांचा सूर गाण्याशी आणि गाणे तारांशी जुळते, एक दुसऱ्यावर चढत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही मिक्सिंगची कसोटी आजही पुरते. एकाने शेवटच्या ओळीत जाऊन उभे राहायचे. शब्द सगळे कळले आणि गिटारही ऐकू आली तर ठीक, शब्द बुडले तर गिटार खाली.

म्हणूनच आम्ही गाणाऱ्याला माईक देत नाही. मोकळा गळा आणि शेजारी जेमतेम उंचावलेली गिटार. गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये माईक खोचायचा मोह सगळ्यांना होतो. पिन बसतेही, पण माईकची जात वेगळी, त्याचा संकेत अधिक क्षीण आणि गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर मुद्दाम सूर रंगवून देणारा. माणसाचा आवाज त्यातून डब्यात बोलल्यासारखा येतो, वर शिट्टी. ज्यांना गळ्यालाही आधार हवा त्यांनी माईक आणि गिटार अशा दोन वेगळ्या वाटा असलेला बॅटरीवरचा स्पीकर घ्यावा. रोलँडचा क्यूब स्ट्रीट असा आहे, दोन्ही मिळून पाच वॅट, सहा पेन्सिल सेल, पण तो खिशात मावत नाही आणि महागही आहे. वस्तीत अनेकांकडे कराओकेचा ट्रॉली स्पीकर असतो, त्यावरही काम होते. तो वापरताना गिटार वायरनेच जोडावी. ब्लूटूथने आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. सिनेमा बघताना ते चालून जाते, वाजवताना ताल पाय सोडतो.

ढोलकीबद्दल स्पष्ट सांगायला हवे. एक वॅटची डबी ढोलकीसमोर टिकत नाही. ढोलकी हवीच असेल तर छोटा अ‍ॅम्प घरी ठेवा. आम्ही खंजिरी किंवा बोटांनी हलका वाजवलेला डफ वापरतो. काही ज्येष्ठांना हे पटत नाही, त्यांच्या मते ढोलकीशिवाय भीमगीत म्हणजे मिठाविना भाकरी. त्यांचे म्हणणे आम्ही खोडत नाही, मोठ्या कार्यक्रमाला ढोलकीच हवी.

गिटार आपली नाही, हा आक्षेप मात्र मान्य होत नाही. हार्मोनियम तरी कुठे आपली होती? एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या त्या पेटीला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी घातली होती. त्याच काळात ती आपल्या गायन पार्ट्यांची मुख्य साथ होती. आज मुंबईत कबीर शाक्य यांचा धम्म विंग्ज गिटार-ड्रम्सवर बुद्ध-भीम गातो आणि चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला द कास्टलेस कलेक्टिव्ह गाना, रॅप आणि रॉक एकत्र आणतो. वाद्य कुठून आले यापेक्षा त्यावर कोण काय गाते हे महत्त्वाचे.

आणि कमी आवाजातले गाणे ही आपल्या परंपरेत नवी गोष्ट नाही. सत्यशोधक जलसे, नंतर १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी गावोगाव नेलेले आंबेडकरी जलसे, हे कंदिलाच्या उजेडात डफ-तुणतुण्यावर उभे राहिले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर खेडोपाडी फिरले ते काही साउंडची गाडी घेऊन नव्हे. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर १९९७ साली गेलेले विलास घोगरे आनंद पटवर्धनांच्या 'जयभीम कॉम्रेड' या माहितीपटात दिसतात, तेही साध्या वाद्यांच्या साथीने. त्या काळी लोक शब्द ऐकायला येत. आज जयंतीच्या मिरवणुकीत शब्दच ऐकू येत नाहीत, छातीत फक्त ठोका बसतो. मिरवणुकीचा आनंद आम्ही नाकारत नाही, रस्त्यावर मोठ्याने असण्याचा हक्क आपल्या माणसांनी लढून मिळवला आहे. पण वर्षाचे उरलेले दिवसही आपलेच असतात.

परवानगी, विहार आणि वीज

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र होऊ शकतो. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते. आपला अ‍ॅम्प खिशात मावतो म्हणून आपोआप सूट मिळते असे कुणी समजू नये. मोकळ्या जागेत कार्यक्रम असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि पोचेचा फोटो सर्वांच्या मोबाईलमध्ये ठेवावा. ज्या गावांत आपल्या कार्यक्रमाकडे आधीच वाकड्या नजरेने पाहिले जाते, तिथे आवाजाची तक्रार हे सर्वांत सोपे हत्यार असते. बंद सभागृहात, दारे लावून, दहाच्या आधी संपणाऱ्या कार्यक्रमाला हे हत्यार सहसा लागू पडत नाही. छोटा अ‍ॅम्प इथे कामाला येतो.

विहारात वाजवण्याआधी भन्तेजींना विचारावे. पौर्णिमेला अनेक उपासक-उपासिका अष्टशील पाळतात आणि त्यात नृत्य, गीत, वादन यांपासून दूर राहण्याचे शील आहे. वंदना आणि धम्मदेसनेच्या वेळी गिटारच्या वायरी पसरून बसणे बरोबर नाही. गाण्याचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी किंवा बाहेरच्या अंगणात ठेवला की कुणाचीच अडचण होत नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही हेच. घरच्यांनी सांगितले तरच, आणि तेव्हा आम्ही अ‍ॅम्पही लावत नाही.

बॅटरीचा सर्वांत मोठा फायदा सुरक्षेचा आहे आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. अनेक विहारांत आणि मांडवांत आकडे टाकून किंवा तात्पुरत्या जोडणीने वीज घेतलेली असते, अर्थिंग नसते. गिटार एका सॉकेटवर, माईक दुसऱ्या सॉकेटवर आणि ओठ माईकला लागले की झटका बसतो. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभे असताना हा झटका जीवही घेऊ शकतो. बॅटरीवरच्या अ‍ॅम्पला मेनलाईनशी देणेघेणेच नाही. शिवाय वीज गेली तरी गाणे चालू राहते, ट्यूबलाईटची आणि खराब अर्थिंगची घरघर बरीच कमी होते.

सेल घेताना अल्कलाइन घ्यावेत. साधे झिंक-कार्बनचे सेल स्वस्त पडतात, पण मोठ्या आवाजाला लवकर बसतात. सेल संपत आल्याची पहिली खूण म्हणजे आवाज लहान होण्याआधी तो फाटू लागतो. मुले तेव्हा गिटारच्या तारा आणि वायर तपासत बसतात, आधी सेल बदलून बघावा. अ‍ॅडाप्टर लावायचा असेल तर अ‍ॅम्पवरची खूण बघूनच लावावा. गिटारच्या बऱ्याच उपकरणांत पिनच्या मध्यभागी ऋण टोक असते, घरातल्या इतर अ‍ॅडाप्टरमध्ये बहुधा धन. उलटा लागला तर डबी जळू शकते.

अकूस्टिक गिटारवाल्यांसाठी थोडे अधिक. गिटारमध्येच प्रीअ‍ॅम्प असेल तर काम सोपे, फक्त गिटारवरचे व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवावे, नाहीतर अ‍ॅम्पला ते जड जाते. नुसता चिकटवायचा पिझो पिकअप असेल तर सूर पातळ, पत्र्यासारखा येतो, त्यावर टोन उतरवणे एवढाच घरगुती उपाय. शिट्टी आली तर गिटारचे भोक अ‍ॅम्पकडे आहे का ते पाहावे, जरा वळून बसले की बहुतेक वेळा ती थांबते.

१४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मोठे स्टेज मिळाले तरी ही डबी बरोबर न्यावी. हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून मिक्सरला देता येते, किंवा डबीसमोर स्टेजवरचा एक माईक ठेवला तरी चालते. दुसऱ्या पद्धतीत वाजवणाऱ्याला स्वतःचा सूर जवळून ऐकू येत राहतो, आणि ऑपरेटर जेवायला गेलेला असतानाही निदान ताल सुटत नाही.

आमच्याकडे सध्या असे दोन अ‍ॅम्प आहेत. दोन्ही कुणा एकाच्या नावावर नाहीत. विहाराच्या ग्रंथालयात कपाटातल्या खालच्या कप्प्यात असतात, पुस्तकांच्याच नोंदवहीत त्यांची नोंद होते, नेणाऱ्याने नाव आणि तारीख लिहायची, आणताना नवा सेल घालून आणायचा. वहीवर गेल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त वेळा नाव आहे ते अकरावी-बारावीतल्या तीन मुलींचे. त्या शनिवारी संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळ बसतात, स्वतःच्या चाली बांधतात, आणि साडेआठच्या आत अ‍ॅम्प परत कपाटात असतो.